पायाच्या अंगठ्याचा सांधा आखडलाय, युरिक ॲसिडच्या गोळीने फरक नाही, आता अंगठा फिक्स करायचा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ५४ वर्षांच्या, अशोक चौकाजवळ घर, कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी घरूनच घेतात. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा दोन वर्षं दुखतोय, वरच्या बाजूला टणक गाठ आलीय, चप्पल घासते. युरिक ॲसिड ६.४ आलं म्हणून गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात जमून होणाऱ्या दुखण्याची, गोळी सुरू केली, डाळी-टोमॅटो-पालक सगळं बंद, तरी काडीचा फरक नाही. मधे कुणाचा तरी व्हिडिओ बघून अंगठा धरून मागे ओढायचा व्यायाम चालू केला तर दुखणं अजून वाढलं. आता एका ठिकाणी अंगठ्याचा सांधा कायमचा जोडून टाकायचं ऑपरेशन सांगितलंय आणि घरात सगळे घाबरलेत, आईंना तर एकच काळजी की कोजागिरीला तुळजापूरला चालत जाता येणार का नाही.

मी सोलापुरातच हाडांचा डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतो आणि हे दुखणं रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाय हातात घेऊन तपासल्याशिवाय नक्की निदान सांगता येत नाही हे धरून चाला, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते गाऊटचं वाटत नाही. ते अंगठ्याच्या सांध्याच्या झिजेचं वाटतंय, ज्याला आम्ही हॅलक्स रिजिडस म्हणतो. आणि यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: झिजलेल्या अंगठ्याला वाकायला लावायचं नाही, त्याऐवजी चपलेचा सोल कडक करायचा. लोक नेमकं उलटं करतात, मऊ मऊ चप्पल घेतात आणि अंगठा ओढत बसतात.

आता गाऊट का नाही ते बघा. गाऊटचा झटका आला की माणसाला तारीख लक्षात राहते. रात्री बरा झोपलेला माणूस पहाटे तीनला कळवळून उठतो, अंगठा लालभडक, गरम, चकाकणारा, अंगावरची चादर पायाला लागली तरी सहन होत नाही. एका दिवसात दुखणं टोकाला जातं आणि आठ-पंधरा दिवसांत गोळी घेऊन किंवा न घेताही बऱ्यापैकी उतरतं, मग मधले काही महिने पाय अगदी नॉर्मल. झिजेचं तसं नसतं. ते हळूहळू येतं, चाललं की दुखतं, बसलं की कमी, जिना चढताना, उतारावर, चवड्यावर उकिडवं बसताना कळ येते आणि सुट्टीचा दिवस असा मिळतच नाही. तुमच्या आईंना दोन वर्षांत एकदाही रात्री अचानक लाल होऊन सुजलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग गाऊट म्हणायला आधार काय, फक्त तो ६.४ चा आकडा?

युरिक ॲसिड थोडं वाढलेलं असणारे कितीतरी लोक आहेत ज्यांना जन्मात गाऊट होत नाही. साधारण ६.८ च्या वर गेलं की त्याचे खडे सांध्यात जमायला वाव मिळतो, तेही प्रत्येकाला नाही. उलट खरा झटका चालू असताना रक्तातला आकडा नॉर्मल दिसू शकतो, तेव्हा नुसत्या रिपोर्टवर हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. पक्कं करायचं तर सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली खडे दिसतात का बघायचे. हे होतं, पण आपल्याकडे फार कमी वेळा केलं जातं. तरी एक सांगतो, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिलीय त्यांना जाऊन विचारा की हिची गरज खरंच आहे का, कारण किडनी, बीपीची गोळी वगैरे बाकीच्या गोष्टी त्यांना माहीत असतील.

आणि डाळी-टोमॅटो कृपा करून परत चालू करा. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये अभ्यास छापला गेला, त्यात मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त होता, पण डाळी-पालकासारख्या भाज्यांमुळे तो वाढलेला दिसला नाही. खऱ्या गाऊटवाल्याला मी सांगतो ते बिअर, कलेजी-खिमा आणि गोड कोल्ड्रिंक यांच्याबद्दल. शाकाहारी बाईची तूरडाळ बंद करून तिला अशक्त करण्यात काही अर्थ नाही.

बाकी दुखणी पटकन सांगतो. गाठ वर नसून आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे तोंड करून असेल आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला असेल तर ते हॅलक्स व्हॅल्गस, वेगळा प्रकार. दुखणं अंगठ्याखाली, तळव्याच्या बाजूने असेल तर तिथली दोन छोटी वाटाण्याएवढी हाडं असतात त्यांची सूज असू शकते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं पण सुजत असतील आणि सकाळी तासभर अंग आखडलेलं राहत असेल तर आमवाताच्या तपासण्या करा. अख्खं बोट फुगलंय आणि नखांवर खड्डे किंवा अंगावर सोरायसिस आहे, तर त्याचाही संधिवात असतो. आणि अचानक लाल, गरम, ताप, पाय टेकवत नाही, त्यात शुगर असेल किंवा पायाला जखम असेल तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा, सांध्यात पू झाला तर उशीर परवडत नाही.

आता झिजेत नेमकं होतं काय. आपण पाऊल टाकतो तेव्हा शेवटी टाच उचलली जाते आणि सगळं वजन चवड्यावर, त्यातही अंगठ्यावर येतं. त्या वेळी अंगठा जमिनीवरच असतो आणि बुडाचा सांधा वरच्या दिशेने वळतो. चांगला सांधा साधारण ६०-७० अंश वळतो, सपाट रस्त्यावर साधं चालायला ४०-४५ तरी लागतात. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजायला लागली की शरीर कडेने नवीन हाड वाढवतं, ते बहुतेक वेळा वरच्या बाजूला. दाराच्या फटीत खडा अडकला की दार पूर्ण उघडत नाही आणि जोर लावला तर बिजागरी मोडते, तसंच इथे होतं. वर वाढलेलं हाड अंगठ्याला अडवतं आणि तुम्ही अंगठा मागे ओढला की हाडावर हाड आपटतं. म्हणूनच त्या व्हिडिओच्या व्यायामाने आईंचं दुखणं वाढलं, त्यात त्यांची काही चूक नाही. त्या गाठीवरून एक बारीक नस जाते, चप्पलेचा पट्टा तिच्यावर दाबला की अंगठ्याला मुंग्या किंवा बधिरपणा येतो, ते ऐकून काहीजण मणक्याचा एमआरआय काढून येतात.

हे दुखणं नवीन नाही, इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १८८७ मध्येच त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. पायाच्या सांध्यांची झीज सगळ्यात जास्त याच सांध्यात होते. पण ती का होते याचं उत्तर बऱ्याच पेशंटमध्ये मिळत नाही. एकाच पायाला असेल तर मी जुन्या माराबद्दल खोदून विचारतो, जोरात लागलेली ठेच, पायावर पडलेला पाटा, फुटबॉल-कबड्डीत मुरगळलेला अंगठा. दोन्ही पायांना असेल तर आई-मावशीला होतं का विचारतो, कारण घराण्यात असलं की बहुतेक दोन्हीकडे होतं. "चुकीच्या चपला घातल्या म्हणून झालं" असं आईंना घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा, चपलेने दुखणं वाढतं हे खरं, पण झीज चपलेमुळेच सुरू होते असं सिद्ध झालेलं नाही.

तपासताना मी पायाआधी पेशंटची रोजची चप्पल मागतो. मागच्या आठवड्यात एक अक्का आल्या होत्या, त्यांची चप्पल उलटी केली तर करंगळीच्या बाजूचा सोल पार गुळगुळीत, कापडापर्यंत गेलेला, आणि अंगठ्याखालची नक्षी जवळजवळ नवीन. म्हणजे अंगठा दुखतो म्हणून त्या नकळत पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत होत्या. मग करंगळीखाली घट्टे पडतात, घोटा दुखतो, गुडघा दुखतो, आणि पेशंट गुडघ्याची तक्रार घेऊन येतो. तुम्हीही आज आईंची जुनी चप्पल उलटी करून बघा, उजवी आणि डावी शेजारी ठेवा, बरंच कळेल.

एक्स-रे काढला असेल तर तो झोपवून काढलाय की उभं करून ते बघा. उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेला समोरून आणि बाजूने असे दोन फोटो लागतात, झोपवून काढल्यावर सांध्यातली फट खोटी जास्त दिसते. बाजूच्या फोटोत वरचं वाढलेलं हाड चोचीसारखं दिसतं. एमआरआयची गरज सहसा पडत नाही, उगाच खर्च करू नका.

आता उपचार, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

चपलेचा सोल पुढून वाकला की अंगठा वाकतो. सोल वाकलाच नाही तर अंगठ्यालाही वाकावं लागत नाही, आणि सोलचा पुढचा भाग होडीच्या टोकासारखा वर उचललेला असेल तर पाऊल त्यावरून पुढे लोटलं जातं. ऑस्ट्रेलियात यावर नीट अभ्यास झालेत. २०२१ मध्ये आलेल्या एका चाचणीत अर्ध्या पेशंटना बुटात घालायची कडक पट्टी दिली आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण न कडक असणारी, १२ आठवड्यांनी कडक पट्टीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. त्याआधी २०१६ मध्ये रॉकर सोलचे, म्हणजे असे पुढून वर उचललेल्या सोलचे, बूट आणि बुटात घालायचे तयार इनसोल यांची तुलना झाली, त्यात दोन्हीकडे दुखणं साधारण सारखंच उतरलं, म्हणजे आईंना जे वापरायला सोपं जाईल ते घ्या. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडतो हे लोकांना पटत नाही, गोळी लिहून दिली नाही तर डॉक्टरने काहीच केलं नाही असं वाटतं.

दुकानात गेल्यावर अशी परीक्षा घ्या. बूट किंवा सँडल दोन्ही हातांत धरून पुढचं टोक टाचेकडे दाबा. सहज दुमडलं तर परत ठेवून द्या, कितीही भारी ब्रँड असो. घडीच होत नाही, थोडं तरी अडतं, पुढचा भाग रुंद आहे, गाठीवर पट्टा किंवा शिलाई येत नाही, आणि सपाट जमिनीवर ठेवल्यावर टोक जमिनीपासून थोडं उचललेलं दिसतं, तर घ्या. आजकाल रनिंग शूजमध्ये जाड, गोलाकार सोलचे बरेच येतात, नवी पेठेत फिरलात तर मिळून जातील. साडीवर बूट कसे घालायचे असं बायका म्हणतात, मग पुढे दोन रुंद पट्टे आणि मागे बेल्ट असलेली जाड सोलची सँडल घ्या, पट्टे सैल-घट्ट करता आले पाहिजेत. आधीचा बूट चांगला असेल तर त्याच्या इनसोलखाली टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत कार्बन फायबरची किंवा पातळ स्टीलची प्लेट घालता येते, कृत्रिम पाय आणि बेल्ट बनवणारे लोक मापाने करून देतात. चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडूनही सँडलच्या सोलखाली कडक रबराचा थर, चवड्याच्या जरा मागे सगळ्यात जाड आणि टोकाकडे उतरता, असा लावून घेता येतो. दुखऱ्या पायाला लावलं तर दुसऱ्या चपलेची उंचीही तेवढीच करून घ्या नाहीतर कंबर धरेल.

कोल्हापुरी कडक असते पण सपाट असते आणि तिचा अंगठा अडकवायचा चामडी पट्टा नेमका गाठीजवळ काचतो, म्हणून तूर्त नको. रबरी हवाई चप्पल तर नकोच, ती पुरणपोळीसारखी दुमडते आणि पायात धरून ठेवायला अंगठ्याने सारखी पकड घ्यावी लागते. आणि घरात अनवाणी राहायचं नाही. याला आपल्याकडे सगळ्यात जास्त विरोध होतो, मी समजू शकतो, पण आई दिवसाचे सात-आठ तास स्वयंपाकघरात फरशीवर उभ्या असतील तर बाहेरची भारी सँडल काय कामाची? घरात वापरायला वेगळी स्वच्छ जोडी ठेवा.

भाकरीचं पण विचारतो, त्या भाकरी थापतात कशा? चवड्यावर उकिडव्या बसून, की मांडी घालून, की ओट्याशी उभ्या राहून? चवड्यावर बसलं की अंगठा पूर्ण वळून त्याच्यावर अंगाचं वजन येतं, या सांध्याला याच्याइतकं वाईट काही नाही. गुडघे चांगले असतील तर पूर्ण पाऊल टेकवून किंवा पाटावर बसावं, नाहीतर परात टेबलावर घ्यावी. कडक भाकरी पातळ थापायला जोर लागतो आणि टेबलावर तो लागत नाही असं बायका सांगतात, तर मग कमी उंचीचं टेबल आणि तसंच कमी उंचीचं स्टूल करून बघा. हाच नियम बाकीच्यांना पण लागू आहे. सूर्यनमस्कारात पाय मागे टाकताना, नमाजात बैठकीला उजव्या पायाची बोटं दुमडून बसताना हाच सांधा पूर्ण वळतो, दुखत असेल तेवढे दिवस खुर्चीवर बसून करावं. डावा अंगठा दुखणाऱ्या पुरुषांनी गाडीच्या गिअरचा विचार करावा, बोटाने गिअर उचलण्याऐवजी टाचेने मागचा दांडा दाबता येतो तशी गाडी बरी पडते.

व्यायाम पूर्ण बंद करा असं म्हणत नाहीये. अंगठा मागे रेटायचा नाही, एवढंच. पोटरीचा ताण काढायचा व्यायाम रोज करा, भिंतीला हात लावून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ, ३० सेकंद थांबायचं, तीन वेळा. हे करताना अंगठा वाकत नाही. पोटरी आखडलेली असली की चवड्यावर वजन लवकर आणि जास्त येतं. दुसरं म्हणजे अंगठा हळू सरळ रेषेत, बोटातून अंगठी काढतो तसा, पुढे ओढून दहा सेकंद धरायचा, दुखेल इतका नाही. सुरुवातीच्या स्टेजला फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घेतलं तर आखडलेपणात थोडा आराम पडतो. सांधा पार झिजला असेल तर व्यायामाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

औषधांत दुखण्याचं जेल आधी, लावून चोळायचं, हा सांधा वरच असल्याने बऱ्यापैकी लागू पडतं. दुखण्याच्या गोळ्या जास्त त्रासाच्या दिवसांत, जेवल्यावर, आणि बीपी, शुगर, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलमधून पट्टीच्या पट्टी आणून महिनोन्महिने खाणारे लोक शेवटी किडनीच्या डॉक्टरकडे जातात, हे बघून फार वाईट वाटतं. गाठीवर शेकून बरं वाटत असेल तर शेका, सूज असेल तेव्हा बर्फ कापडात गुंडाळून. पण शुगरवाल्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाला लावायचीच नाही, बधिर पायाला चटका कळत नाही. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत आराम मिळतो, फार झिजलेल्या सांध्यात कमी टिकतं, शुगर चार दिवस वाढते, आणि पुन्हा पुन्हा घ्यायची ती गोष्ट नाही. वंगणाचं म्हणून जे महागडं जेल इंजेक्शन असतं, त्याची या सांध्यासाठी २०११ मध्ये मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना झाली होती आणि तीन महिन्यांनी दोन्हींत फरक दिसला नाही. म्हणून मी ते इथे देत नाही. कूर्चा परत उगवणारी पावडर, तेल, कॅप्सूल कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

एवढं सगळं तीन महिने तरी मनापासून करून बघा. माझ्या मते तुमच्या आईंचे हे उपाय अजून करून झालेलेच नाहीत, त्यांना दोन वर्षं दुसऱ्याच आजाराचा उपचार मिळालाय. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदीत या दुखण्याच्या ७७२ पेशंटपैकी ५५ टक्के लोकांचं ऑपरेशनशिवाय भागलं, त्यात बहुतेकांना बुटातल्या आधारानेच. तेव्हा घाई कशाची नाही, सांधा दुखतोय, जीवाला धोका नाही.

पण ऑपरेशनला घाबरायचं पण कारण नाही. ते कोणतं करायचं हे दुखणं कुठे येतं त्यावरून ठरवतात. अंगठा मधल्या टप्प्यात हलवला तर दुखत नाही, अगदी वरच्या टोकाला नेल्यावरच कळ येते, आणि एक्स-रेत फट बरी आहे, तर वर वाढलेलं हाड आणि अंगठ्यामागच्या लांब हाडाच्या सांध्यातल्या गोल टोकाचा वरचा पाव ते एक तृतीयांश भाग छाटून टाकतात. सांधा तसाच राहतो, चार-आठ दिवसांत हलवायला लावतात, जखम भरली की चालणं सुरू. काही वर्षांनी परत त्रास होऊ शकतो पण मधली वर्षं चांगली जातात. मात्र मधल्या टप्प्यातही हलवलं की दुखतंय, फट संपलीय, हाडावर हाड आहे, तर नुसतं छाटून उपयोग नाही, तिथे सांधा जोडणं हेच सगळ्यात भरवशाचं. तुम्हाला ज्यांनी जोडायचा सल्ला दिलाय त्यांनी हे तपासलं होतं का ते विचारा, उभ्याचा एक्स-रे घेऊन दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरचं मत घ्या, यात कुणाला राग यायचं कारण नाही.

"जोडला की लंगडत चालणार" ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो. विचार करा, आईंचा अंगठा आत्ता तरी किती हलतोय? जो हलतोय तोच दुखतोय. जोडताना तो जमिनीपासून १०-१५ अंश वर ठेवून प्लेट आणि स्क्रूने बसवतात, म्हणजे पाऊल पुढे लोटायला जागा राहते, आणि अंगठ्याच्या टोकाचा दुसरा सांधा हलतच असतो. नीट जोडलेल्या माणसाची चाल बघून अनोळखी माणसाला कळत नाही. साधारण दहापैकी नऊ जणांचं हाड व्यवस्थित जुळतं. काय जातं? उंच टाचांच्या चपला जातात, चवड्यावर उकिडवं बसणं जातं, बोटं दुमडून बसायची बैठक जाते. पूर्ण पाऊल टेकवून बसता येतं, जिने चढता येतात, शेतात जाता येतं. बहुतेक वेळा फक्त पायापुरती भूल चालते. पहिले सहा आठवडे खास कडक बुटात टाचेवर वजन टाकून चालायचं, पाय उशीवर उंच ठेवायचा, पूर्ण हाड जुळायला तीन महिने धरा, सूज त्याहून जास्त दिवस राहते. ऑर्डरींचं तसं नियोजन करा, दिवाळीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट विचारतो, आई मशेरी लावतात का? आपल्याकडच्या बायका डॉक्टरला हे सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. तंबाखू दाताला लावली काय, ओढली काय, निकोटिन रक्तात जातंच आणि हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. ऑपरेशनच्या आधी महिना-दीड महिना आणि नंतर हाड जुळेपर्यंत मशेरी पूर्ण बंद. शुगर असेल तर ती आधी ताब्यात आणायची, पायाची नाडी नीट लागतेय ना ते तपासून घ्यायचं.

कृत्रिम सांध्याबद्दल पण लोक विचारतात, गुडघ्याचा बदलतात तर अंगठ्याचा का नाही. सिलिकॉनचे, धातूचे बरेच प्रकार येऊन गेले, ढिले होतात, आजूबाजूचं हाड खातात, मग जोडायला हाडच शिल्लक राहत नाही. कृत्रिम कूर्चेचा एक छोटा मऊ तुकडा २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, त्याचा फार गाजावाजा होता, २०२४ मध्ये तो बाजारातून परत घेतला गेला कारण अपेक्षेपेक्षा जास्त लोकांचं पुन्हा ऑपरेशन करावं लागत होतं. चालणाऱ्या, उभं राहून काम करणाऱ्या बाईला मी जोडणंच सांगेन.

आता तुळजापूर. सोलापूरहून ४५ किलोमीटरच्या आसपास, तेही रात्रभर, डांबरावर, आणि आई अनवाणी जातात असं तुम्ही लिहिलंय. या कोजागिरीला अनवाणी नको, हे अगदी ठामपणे सांगतो. नवस असेल तर निम्म्या वाटेपर्यंत गाडीने जाऊन पुढे कडक सोलच्या बुटात चालावं, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना तेवढे बूट काढून कठड्याला धरून, पूर्ण पाऊल टेकवत, एक एक पायरी उतरावी. बूट निदान महिनाभर आधी घ्या, रोज वापरून पायात बसू द्या, नवीन बूट घालून त्या रात्री निघालात तर फोडांनीच परत यावं लागेल. आत्तापासून आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवत न्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा जास्त सुजलेला दिसला तर आदल्या दिवशीचं अंतर जास्त झालं असं समजा. जोडायचं ऑपरेशन झालं तर त्या वर्षीची कोजागिरी सोडून द्या, पुढच्या वर्षी हाड पक्कं झालेलं असलं आणि सूज उतरलेली असली तर चालायला माझी हरकत नसेल, माझे पेशंट जातात.

डाव्या अंगठ्यालाही अधूनमधून कळ येते असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, ते दुर्लक्षित करू नका. नवीन चप्पल दोन्ही पायांना कडक सोलचीच घ्या आणि एक्स-रेला जाल तेव्हा दोन्ही पायांचा एकदमच उभा काढून घ्या, डाव्याची झीज अजून सुरुवातीलाच असेल तर त्याला ऑपरेशनपर्यंत न्यायची वेळ बहुधा येणारच नाही. जाताना जुनी चप्पल पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर उलटी ठेवा.